तारेबाहेरचा पहारा

कोरिया,
ता. २४ सप्टेंबर १९५३

ती. आक्का,

तुला आणि तात्यांना रामलिंगचा नमस्कार. सुखरूप पोचलो.

बोट बंदरात लागली, पण इथल्या सरकारनं कळवलं की हिंदुस्थानी शिपायाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये. म्हणून आम्हाला बोटीवरून थेट डोक्यावर पंखा फिरणाऱ्या विमानात घातलं आणि दोन्ही फौजांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात आणून सोडलं. मुरुमचा धोंडीबा माझ्याच सेक्शनमध्ये आहे. तो म्हणाला, "आपुन शांतता राखाया आलोय का पटकीची साथ घिऊन आलोय?" सगळे हसले. पण मनाला लागलं.

तात्यांना काम समजावून सांग. लढाई थांबलीय. आम्हाला आमच्या देशात परत पाठवू नका, असं म्हणणारे हजारो चिनी आणि कोरियन कैदी आमच्या ताब्यात दिलेत. काही महिने त्यांना सांभाळायचं. त्यांच्या देशातून माणसं येऊन त्यांची समजूत घालणार. मग ज्याला जिकडं जायचं तिकडं त्यानं जावं, जबरदस्ती कुणावर नाही. आपला देश दोघांपैकी कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून हे काम आपल्याकडं आलं. कर्नल साहेब म्हणाले, सगळं जग तुमच्याकडं बघतंय. छाती भरून आली. मी लान्स नाईक झाल्यापासून एवढी कधी भरली नव्हती.

एक गोष्ट लिहावी की नाही, ठरत नव्हतं. आमची पत्रं साहेब लोक वाचतात. वाचू देत.

तारेच्या आत कैद्यांचे आपले आपले पुढारी आहेत. आपल्यातला कुणी घरी जातो म्हणाला की ते त्याला सोडत नाहीत. परवा दुपारी असाच एकजण दाराकडं पळत आला. तंबूच्या दांड्यांनी त्याला मारलं. आपल्या घरापासून चावडी जेवढी लांब, तेवढ्यावर. मी आणि धोंडीबा तारेबाहेर पहाऱ्यावर होतो. कुणी दाराबाहेर आला तर त्याला घ्यायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असा आम्हाला हुकूम आहे. तो दारापर्यंत आला नाही. संध्याकाळी त्यांनीच प्रेत आणून दाराशी ठेवलं आणि आमच्याकडं बघून हसले.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण हुकूम नव्हता, आक्का.

तब्येत जप. शाळेतल्या पोरींना फार मारू नकोस.

तुझा,
रामलिंग


अणदूर,
ता. १४ ऑक्टोबर १९५३

रामलिंग,

आशीर्वाद मागाहून.

तुझं पत्र तात्यांना वाचून दाखवलं, शेवटचा भाग गाळून. ते आता खंडोबाच्या देवळात बसून सगळ्यांना सांगतायत की माझा लेक विमानातून उतरला. मी शाळेत गेले, फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, आणि काय लिहायचं ते आठवेना.

तू लिहिलंयस, "हुकूम नव्हता." हे लिहिताना तुझा हात अडला नाही?

आषाढात रझाकार गावात आले तेव्हा तू सोलापूरला रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत होतास, म्हणून तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. तुझ्या भाऊजींना घरातून ओढत नेलं ते नाक्यावरूनच. नाक्यावर निजामाचे पोलीस उभे होते. बंदुका खांद्याला. मी त्यांच्या पायाशी पडले. जमादार दुसरीकडं बघत राहिला. मला उचलून घरात लपवलं ते बांगडीवाल्या मोमिनाच्या बायकोनं. भाद्रपदात आपली फौज आली, रझाकार पळाले, आणि आपल्याच गावातली माणसं त्या मोमिनाच्या दारात काठ्या घेऊन गेली. त्या दारात मी आडवी झाले. माझ्याकडं बंदूक नव्हती, हुकूमही नव्हता. नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेली बाई होते मी. परत गेले सगळे.

तू भरतीला निघालास त्या सकाळी मला काय म्हणालास ते तुला आठवत नसेल तर मी सांगते. तू म्हणालास, "आक्का, मी त्या पोलिसांसारखा उभा राहणार नाही." एवढ्या एका वाक्यासाठी मी तुला जाऊ दिलं. नाहीतर तात्यांचं वय आणि शेत बघून पाय धरून थांबवलं असतं.

आणि आता तू कुठल्या तरी परक्या मुलखात एका माणसाला मरताना बघत उभा राहिलास आणि वर मला कळवतोस की जेवण गेलं नाही. त्या जमादाराचंही जेवण गेलं नसेल दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गेलं असेल.

जग तुमच्याकडं बघतंय म्हणे. बघणारे पुष्कळ असतात.

वनमाला


कोरिया,
ता. १ नोव्हेंबर १९५३

आक्का,

तुझं पत्र मिळालं. फाडून टाकलं. मग तुकडे गोळा केले, कारण इथं घरचं दुसरं काही नाही.

तुला वाटतं, दार उघडायचं, एका माणसाला उचलायचं आणि दार लावायचं. गोठ्यातून वासरू बाहेर काढावं तसं. तू इथं ये आणि बघ. एकेका कुंपणात पाचशे माणसं आहेत. दिवसभर ओरडतात, गाणी म्हणतात, दगड मारतात. माझ्या तोंडावर थुंकलेत. पुसायचं आणि उभं राहायचं. आम्ही आत घुसलो की ते अंगावर येणार. ते अंगावर आले की मचाणावरची मशीनगन चालणार. शंभर प्रेतं पडली की त्यांचे दोस्त म्हणणार, हिंदुस्थान्यांनी कत्तल केली. थांबलेली लढाई परत पेटेल. हे मी मनचं सांगत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या बाजूला गोळी चालवावी लागली. मेलेल्यांना उचलायला आम्हाला बोलावलं होतं. त्यातल्या एकाला अजून दाढीही पुरती फुटलेली नव्हती. आपल्याच गोळीनं मेलेला माणूस उचलून बघ एकदा, मग मला शिकव.

इकडची वर्तमानपत्रं म्हणतात आम्ही तिकडचे. तिकडची म्हणतात आम्ही इकडचे. दोन्हीकडून शिव्या खाऊन रोज संध्याकाळी पितळी बिल्ला पुसायचा. आणि आता घरूनही तेच.

भाऊजींना मारलं त्या नाक्यावरचे पोलीस कुणाच्या बाजूचे होते ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. आम्ही कुणाच्या बाजूचे नाही. एवढा फरक तुला मास्तरीण होऊन कळत नसेल तर मी काय सांगू.

मला त्या जमादाराच्या रांगेत बसवू नकोस. बसवायचंच असेल तर पुढचं पत्र टाकू नकोस. इथं तंबूत पाणी गोठतं, दाढी करताना वस्तरा गालाला चिकटतो. तेवढं पुरे आहे.

रामलिंग


अणदूर,
ता. २१ नोव्हेंबर १९५३

रामलिंग,

पत्र टाकू नकोस म्हणालास तरी टाकते आहे. फाडलंस तरी तुकडे गोळा करशील.

मी नळदुर्गला गेले होते, महांतप्पाकडं. तुला नाव ठाऊक नसेल. नाक्यावरचा जमादार तो. आपल्याच लोकांपैकी, लिंगायत, कपाळाला विभूती लावणारा. निजाम गेल्यावर नोकरी सुटली. आता जावयाच्या पिठाच्या गिरणीवर बसून पायल्या मापतो. ही माहिती मला पाच वर्षं होती. त्या रस्त्यानं मी पाच वर्षं गेले नव्हते. तुझं पत्र वाचून गेले.

त्यानं मला ओळखलं. पीठ न्यायला आलेल्या बाया होत्या, त्यांच्यासमोरच मी विचारलं, "तुम्ही का उभे राहिलात?"

तो म्हणाला, "बाई, आत चला, बसा."

मी म्हणाले, "इथंच सांगा."

गिरणीचा पट्टा चालू होता. त्यानं तो बंद केला. मग म्हणाला, "हुकूम नव्हता."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी त्याच्या अंगावर जाईन. पण तुझी दोन्ही पत्रं माझ्या डोक्यात होती. पाचशे माणसं, मशीनगन, परत पेटणारी लढाई. तेव्हा मी वेगळंच विचारलं. म्हटलं, "तुम्ही हुकूम मागितला होता का?"

त्यानं बंद पट्ट्यावर हात ठेवला. मी परत विचारलं. "ठाणं कोसभर होतं. रझाकार सकाळी आले. माझ्या नवऱ्याला दुपारी मारलं. तेवढ्या वेळात एक शिपाई ठाण्यावर पाठवून तुम्ही हुकूम मागितला का?"

त्यानं हातावरचं पीठ झाडलं. मग म्हणाला, "न्हाई मागितला. फौजदार माणूस बरा होता. मागितला असता तर एखाद वेळेस मिळाला असता. मग जावं लागलं असतं."

रामलिंग, मी तिथून कशी निघाले ते माझं मला माहीत नाही. पुलापर्यंत चालत आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. आणि तो पहिला माणूस होता ज्यानं मला खरं सांगितलं.

तुझं म्हणणं मी मान्य करते. तू नाक्यावरचा पोलीस नाहीस. तुझ्यावर बंधनं आहेत, ती शहाण्या माणसांनी घातलीत, त्याला कारणं आहेत. ठीक. मग मला एवढंच सांग. तू मागितलास का? साहेबासमोर उभा राहून म्हणालास का, की असं पुन्हा झालं तर मला आत जाऊ द्या? का तुलाही भीती वाटते की कुणी हो म्हणेल?

याचं उत्तर असेल तर लिही.

वनमाला


कोरिया,
ता. १६ डिसेंबर १९५३

आक्का,

उत्तर आहे. आता शांतपणानं वाच, कारण मी शांत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सुभेदार साहेबांकडं गेलो. म्हणाले, "आपलं काम कर." दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडरांपुढं उभा राहिलो. ते चांगले आहेत. म्हणाले, "मीही वर विचारलंय. नाही म्हणाले. मी परत विचारीन. तोवर तू हलायचं नाही." म्हणजे मागितला, आक्का. दोनदा मागितला. तुझ्या जमादारासारखा गप्प बसलो नाही. घे.

चार दिवसांनी सकाळी आम्ही दारावर होतो. जमीन दहिवरानं पांढरी झालेली. स्वयंपाकाच्या तंबूमागून एकजण निघाला आणि दाराकडं पळत सुटला. पायांत बूट नव्हते. दारापासून थोड्या अंतरावर पाय घसरून पडला आणि बाकीच्यांनी त्याला गाठलं. तो ओरडला नाही. तो नुसता माझ्याकडं बघत होता आणि हातानं जमीन ओढत होता.

मी दाराची कडी काढली. धोंडीबा शेजारी उभा होता. त्याला म्हणालो, "चल."

आत गेलो. दोघांच्या हातांत लाठ्या. माझ्या पाठीवर, मानेवर किती फटके बसले ते कळलं नाही. मी त्या माणसाच्या कोटाची कॉलर धरली आणि ओढत सुटलो. धोंडीबा पाठमोरा चालत, लाठी फिरवत, त्यांना अडवत होता. दाराच्या तोंडाशी आलो तेव्हा कुणीतरी तंबूची लोखंडी मेख फेकली. ती धोंडीबाच्या डोळ्यात बसली. मचाणावरच्या हवालदारानं हात आवरला, गोळी चालवली नाही, म्हणून आज इथं पाचपन्नास प्रेतं नाहीत. ती अक्कल त्याची, माझी नव्हे.

माणूस जगला. धोंडीबाचा डावा डोळा गेला.

सगळ्या कंपनीसमोर माझ्या बाहीवरची लान्स नाईकची पट्टी काढली. कर्नल साहेब म्हणाले, "तो माणूस जिवंत आहे, याचा मला आनंद आहे. पण तू आत गेलास तेव्हा किती माणसांचा जीव तुझ्या हातात होता, ते तुला कळलं नव्हतं. ज्याला ते कळत नाही त्याला मी चार माणसंसुद्धा देणार नाही." मला ते पटलं. पट्टीचं दुःख नाही.

धोंडीबाला बघायला दवाखान्यात गेलो. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. रोज जातो. रोज तेच.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं, आक्का. मी तुझ्यावर ढकलत नाही. कडी मी काढली. पण तिथं अणदूरला बसून एकेक शब्द धार लावून पाठवायचा आणि इथं ज्याचा डोळा जातो तो तुला ओळखतही नाही, हे तुला समजलं पाहिजे. तू दारात आडवी झालीस तेव्हा एकटी होतीस. मी एकटा नव्हतो. हे तू विचारलं नाहीस, आणि मीही नाही.

धोंडीबाची आई मुरुमला असते. नाव धुरपदाबाई. एकटीच आहे. पलटणीचं पत्र जायला वेळ लागेल आणि ते इंग्रजीत असेल. तुला दारात उभं राहता येतं ना? मग तिच्या दारात जाऊन उभी राहा आणि तिला सांग.

रामलिंग


अणदूर,
ता. ६ जानेवारी १९५४

चि. रामलिंग,

जाऊन आले.

दरवर्षीसारखा खंडोबा दोन महिन्यांसाठी नळदुर्गच्या देवळात गेल्यामुळं गाव ओसाड आहे. शाळेला एक दिवसाची रजा टाकली. येणेगूरपर्यंत मोटारीनं गेले, पुढं बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बसले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. मुरुमला पोचले तेव्हा त्यातलं काही उरलं नाही.

धुरपदाबाई अंगणात तूर पाखडत होती. मी म्हटलं, "मी अणदूरची. माझा भाऊ तुमच्या धोंडीबाबरोबर आहे." ती लगबगीनं उठली. "बसा बाई, बसा. पानी देऊ का?" तिला वाटलं, मी खुशाली घेऊन आले. तिचा तो आनंद बघून मी पाणी नको म्हटलं. शेवटी सगळं एकदम सांगितलं. डोळा गेला, जीव वाचला, कसं झालं ते. माझ्या पत्राचंही सांगितलं. लपवलं असतं तर तिला कधी कळलं नसतं. पण मी महांतप्पाला खरं सांगायला लावलं होतं, मग मला कसं लपवता येईल.

ती सूप हातात धरून उभी राहिली. मग सूप माझ्या अंगावर टाकलं. तूर सगळ्या अंगणात पसरली.

"पत्र तुजं," ती म्हणाली. "भाऊ तुजा. आन डोळा माज्या लेकाचा."

दार लावून घेतलं. मी अंगणात बसले आणि तूर वेचायला लागले. शेजारची पार्वतम्मा येऊन म्हणाली, "जावा बाई, ती न्हाय उघडत आता." मी म्हटलं, "उघडू दे, नाहीतर न उघडू दे." उन्हं कलली तेव्हा दार उघडलं. ती चौकटीला टेकून बसली. डोळे सुजलेले.

"त्यो मानूस जगला का?"

"जगला."

"त्याचं नाव काय?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"कुठला? घरी कोन हाय त्याला?"

"ते रामलिंगनं लिहिलं नाही."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी खोटं बोलतेय असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "तुमी दोगं भनभाऊ येवडी पत्रं लिवता. येवडं वाकडंतिकडं एकमेकाला बोलता. आन ज्याच्यापायी माज्या लेकाचा डोळा गेला त्याचं नाव तुमाला ठावं न्हाय? जा. ठावं झालं की ये. तवर माज्या दारात पाय ठिवू नको."

पाणी न पिता मी परत आले.

मी तुला जे लिहिलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. एक माणूस जिवंत आहे. पण माझ्या रागात तू होतास, मी होते, तुझे भाऊजी होते. धोंडीबा नव्हता. तो कुठं उभा आहे हे मी विचारलं नाही. आणि ज्याला वाचव म्हणून मी तुझ्यामागं लागले होते, तोही माझ्या पत्रात कुठं नव्हता. ती बाई अडाणी आहे, पण तिनं पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.

तिच्यासाठी पत्र पाठव. तुझं नको, ते ती चुलीत घालील. धोंडीबाचं पाठव. त्याला लिहिता येत नाही असं ती म्हणाली, तर कुणाकडून तरी लिहून घ्यायला सांग. माझ्या पत्त्यावर पाठव. मी नेऊन वाचून दाखवीन. घरात घेतलं नाही तर अंगणातून वाचीन.

तुझी पट्टी गेली त्याचं तात्यांना सांगितलं नाही. ते तू सांग.

वनमाला


कोरिया,
ता. २५ जानेवारी १९५४

आये,

धोंडीबाचा दंडवत.

हे पत्र रामलिंग लिवतोय. म्या बोलतो तसंच लिव, तुजं त्यात कायबी घालू नको, असं त्याला बजावलंय. पलटनीत लिवनारे लई हाईत. पर ह्ये त्यानंच लिवावं म्हनून त्यालाच बसवलाय. म्या त्याच्यासंगं बोलत न्हाय. आता बोलतोय त्ये तुज्यासंगं.

डावा डोळा गेला. उजवा धड हाय. दाक्तर म्हनला, औत धरता यील, गाडी हाकता यील. बंदूक न्हाय. म्हंजी पलटनीतनं काडत्याल. रडू नको. डोकं दुखायचं थांबलंय.

तू नाव इचारलंस. त्याचं नाव सुंग तेफा. माज्या शेजारच्या खाटंवर हुता. बरगड्या मोडल्या हुत्या आन पायाची बोटं थंडीनं काळी पडली हुती. पैल्यांदा म्या त्याच्याकडं बगितलं न्हाय. वाटायचं, ह्यो माजा डोळा खाऊन हितं सुखानं पडलाय. एक दिस त्यानं आपल्या वाटीतला भात माज्या वाटीत टाकला. म्या त्यो जमिनीवर फेकला. दुसऱ्या दिशी त्यानं परत टाकला. मग दुभाषी साहेब आले तवा म्या त्यास्नी म्हनलं, ह्याला इचारा, का पळालास.

त्यो चीनमंदी शांतुंग म्हनून मुलूख हाय तितला. नदीकाठाला थोडी जमीन, भुईमूग लावत्यात. घरी आय हाय, बायको हाय. भुईमुगाच्या शेतातनं एका फौजंनं त्याला धरून नेलं. ती फौज हरली, तर जिंकलेल्या फौजंनं धरलं आन हितं लडाया पाटवलं. हितं तिसऱ्यांनी कैद केलं. कैदंत आतल्यांनी त्याच्या दंडावर सुईनं गोंदून घितलं, का ह्यो आता घरी जानार न्हाय. ह्या समद्यात एकानंबी त्याला इचारलं न्हाय, बाबा तुजं काय म्हननं हाय. समजूत घालायच्या तंबूत इचारनार हुते, तर तितं जायाच्या आदीच त्याला हानला.

त्ये ऐकलं आन माजा राग त्याच्यावरनं उटला. उटला तो समदा रामलिंगवर जाऊन बसला.

आये, त्या सकाळी रामलिंगनं कडी काडली आन मला म्हनला, "चल." त्याच्या बाहीवर पट्टी हुती, माज्या न्हवती. म्या गेलो. आता समदे म्हनत्यात, बिचारा धोंडीबा, लान्सनायकामागं गेला आन डोळा घालवून बसला. साहेबबी तसंच म्हनले, ह्याचा काय कसूर, ह्यानं हुकूम पाळला. आन माज्या डोळ्याम्होरं पन त्यो मानूस मरत हुताच की. पैला मेला तवाबी म्या तितंच हुतो, मलाबी जेवान गेलं न्हवतं. रामलिंगनं येकदा माज्याकडं वळून बगितलं असतं, "येतोस का धोंड्या" येवडं इचारलं असतं, तर म्या आलोच असतो. त्याच्या आदी आत गेलो असतो. मग हा डोळा म्या दिला असं मला म्हनता आलं असतं. आता त्यो माज्याकडनं गेला असं हाय. मेख त्यांनी मारली, त्येचा मला राग न्हाय. ह्ये रामलिंगनं घितलं, त्येचा हाय.

हितं त्याचा हात थांबला. म्या म्हनलं, लिव.

सुंग तेफा गेल्या म्हैन्यात आपल्या मुलकाला गेला. फटफटताना गाडी आली. दंडावरचं गोंदन त्यानं कापडानं बांदून घितलं हुतं. जाताना म्हनला, धोंडीबा. नीट म्हनला, कुटं न अडता. म्याबी त्याचं नाव घितलं. एवडंच झालं. पोचला का न्हाय त्ये कळायची सोय न्हाय.

आता कुंपनं रिकामी हाईत. आतल्या लोकास्नी त्यांच्या त्यांच्या बाजूचे घिऊन गेले. वाऱ्यानं तंबू फडफडत्यात. आमी बोटीची वाट बगतोय.

पत्र वाचनाऱ्या बाईला घरात घे. तिला जेवाया घाल, लांबनं येती ती. राग सोड म्हनत न्हाय. माजाबी सुटला न्हाय. पर तुज्या दारात येऊन तिनं खरं सांगितलं, ह्ये रामलिंगनं मला वाचून दाखवलं, तवा म्या पैल्यांदा भिंतीकडचं तोंड त्याच्याकडं केलं.

बोटीवर मला आन रामलिंगला शेजारी शेजारी जागा दिलीया. लई दिसांचा परवास हाय. बगू.

तुजा,
धोंडीबा